नागपूर ते दोहा किती लांब? एका साध्या प्रश्नाची अनेक उत्तरं

पेटची तयारी करणाऱ्या मुलांचे मेसेज येतात, त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, कार्यात्मक व्याख्या म्हणजे नेमकं काय? नोट्समध्ये आहे, पाठ पण आहे, पण डोक्यात बसत नाही." मी आजवर त्यांना पुस्तकातलंच उत्तर देत आलो: एखादी संकल्पना प्रत्यक्ष कशी मोजायची हे सांगणारी व्याख्या. हे उत्तर बरोबर आहे. पण ते माझ्याही डोक्यात बसलं नव्हतं, हे मला दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या ओसरीत कळलं. आज ते सांगतो आणि त्या निमित्ताने आकडेमोडही करू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, मोबाइलमधला चालेल.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात. माझा मामेभाऊ दोह्याला नोकरी करतो. आजी गेली तेव्हा पहाटेचे सहा वाजत होते. मी नागपूरला होतो, बातमी कळताच निघालो आणि साडेआठला पोचलो. मामाने पोराला फोन केलाच होता. तो म्हणाला, "मी येतोय, आजीला पाहिल्याशिवाय नेऊ नका." मग घरातल्या मोठ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मी, त्यातून भूगोलात पीएच.डी. करणारा. मामीने विचारलं, "मंग पोरगा घरी कवा येते?"

मी मोबाइल काढला. अंतर काढून देणारं एक संकेतस्थळ उघडलं, नागपूर आणि दोहा टाकलं. उत्तर आलं: २,८३८ किलोमीटर, विमानाने साधारण चार तास. मी मनात बेरीज केली. तिकीट वगैरे दोन-तीन तास, चार तास विमान, नागपूरहून गावाला दोन तास. म्हणालो, "चारपर्यंत येईल. फार तर पाच."

माझ्या त्या वाक्यावर सगळं ठरलं. बर्फ सांगायचा की नाही ही चर्चा सुरू होती, ती थांबली. पाचपर्यंत येतोय तर कशाला? साकोली-पवनीकडचे पाहुणे थांबले. दुपारी तीनला मी भावाला फोन केला तर तो अजून दोह्यातच होता. त्याला मिळालेलं विमान तिथल्या संध्याकाळी सुटणार होतं. आता उन्हं उतरायला लागली होती, रात्री अग्नी द्यायचा नाही असं घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत, आणि एप्रिलच्या उन्हात दिवसभर बर्फाशिवाय ठेवलेला देह. त्याच्याशिवायच नेलं. तो दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला दारात उतरला.

सकाळीच मी "उद्या पहाटे" म्हणालो असतो तर बर्फ आला असता आणि सगळे थांबले असते. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही.

यात संकेतस्थळाची चूक शोधू नका. त्याने दिलेला आकडा बरोबर होता. मामीने विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि मी उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं. संशोधनात ही चूक रोज होते, फक्त तिथे कुणी ओसरीत बसून वाट पाहत नसतं.

तर आता प्रश्न नीट घेऊ.

अंतर: कोणतं?

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांश, ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे. दोह्याचा हमद विमानतळ २५.२७ उत्तर, ५१.६१ पूर्व. म्हणजे अक्षांशात ४.१८ अंशांचा फरक आणि रेखांशात २७.४४ अंशांचा.

पहिल्या वर्षाची मुलं काय करतात ते मी वर्गात पाहिलं आहे. ती पायथागोरस लावतात. ४.१८ चा वर्ग, २७.४४ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ: २७.७६ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर (नेमके १११.१९ धरू), तर अंतर ३,०८६ किलोमीटर. हे खऱ्यापेक्षा जवळपास २५० किलोमीटरने जास्त आहे. नागपूरहून अकोल्याला जाण्याइतकी चूक, आणि तीही दशांश चिन्हापर्यंत व्यवस्थित लिहिलेली!

चूक कुठे झाली? अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटरचाच असतो, पण रेखांशाचा नसतो. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. आपल्या या मार्गाचा मध्य साधारण २३.२ अक्षांशावर आहे, तिथे रेखांशाचा एक अंश १०२ किलोमीटरचाच भरतो. म्हणून २७.४४ ला २३.२ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९१९ ने गुणायचं. मग तोच पायथागोरस २,८४३ किलोमीटर देतो. एका गुणाकाराने चूक २४८ वरून ५ किलोमीटरवर आली.

आता योग्य पद्धत. पृथ्वी गोल धरली तर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो. म्हणजे ती दोन ठिकाणं आणि पृथ्वीचं केंद्र यांच्यातून सुरी फिरवली तर पृष्ठभागावर जी रेघ उमटेल ती. सूत्र शब्दांत सांगतो: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार (०.१५३६), अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार (०.७४८८). बेरीज ०.९०२४. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन २५.५२ अंश. त्याला १११.१९ ने गुणा. २,८३८ आले? बरोबर. संकेतस्थळं हेच करतात, फक्त सूत्राची मांडणी जरा वेगळी, हॅवरसाइनची, असते. कारण ठिकाणं फार जवळ असली की कोसाइनवालं सूत्र आकडे खाऊन टाकतं.

बृहद्‌वृत्ताचं नाव निघालं की प्रत्येक पुस्तक लंडन ते लॉस एंजेलिसचा नकाशा दाखवतं आणि सपाट नकाशावरची सरळ रेघ कशी फसवते ते सांगतं. तिथे ते खरंच आहे. पण आपल्या मार्गाला लावून बघू. होकायंत्राची दिशा न बदलता एकाच रोखाने नागपूरहून दोह्याला गेलं तर २,८४२ किलोमीटर होतात. बृहद्‌वृत्ताने २,८३८. फरक चार किलोमीटर! विषुववृत्ताच्या इतक्या जवळ आणि इतक्या कमी अंतरावर हा प्रसिद्ध धडा जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रबंधात मी असे परिच्छेद वाचतो, जिथे विद्यार्थ्याने दोन पानं बृहद्‌वृत्तावर घालवलेली असतात आणि खरी चूक, म्हणजे कोसाइन विसरणं, पुढच्या पानावर शांतपणे बसलेली असते. कोणती चूक किती मोठी आहे हे आधी मोजा, मग ठरवा कुठे पानं घालवायची.

आणखी एक चार किलोमीटर आहेत. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटलेली आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांकडे ६,३५७. ते धरलं की आपलं अंतर सुमारे २,८४२ वर जातं. हा चपटेपणा मोजण्याचं मोठं काम भारतात झालं, आणि त्याचा एक टोकाचा धागा आपल्या विदर्भात आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम नेलं आणि १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापं दिली ती भारताच्या नकाशांत कित्येक दशकं वापरली गेली. हिंगणघाटवरून जाणाऱ्या किती भूगोलवाल्यांना हे माहीत असतं, कोण जाणे. मला एम.ए. होईपर्यंत नव्हतं.

तर अंतराची उत्तरं २,८३८, २,८४२, २,८४२ आणि २,८४३. तुमच्या कामाला पाच किलोमीटरने फरक पडत नसेल तर कोणतंही घ्या, पण कोणतं घेतलं ते लिहा.

विमान मात्र यापैकी कोणत्याच रेघेवरून जात नाही

बृहद्‌वृत्त नकाशावर आखलं तर ते नागपूरहून वायव्येला झुकत निघतं. मेळघाट, मग मध्य प्रदेशातलं बडवानी, पुढे वडोदऱ्याजवळून कच्छ. तिथून अरबी समुद्र, ओमानचं आखात, दुबईच्या किंचित दक्षिणेकडून संयुक्त अरब अमिराती, आणि मग दोहा. किती देशांच्या हवाई हद्दी लागतात ते पाहा. त्या हद्दी उघड्या आहेत की बंद हे सूत्रात कुठेच नाही.

कतार एअरवेजची नागपूर–दोहा सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. दीड वर्षाने, ५ जून २०१७ ला, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि कतारमध्ये नोंदलेल्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. आपली रेघ तर थेट अमिरातीवरून जाते. मग विमानं इराणच्या बाजूने वळसा घालून दोह्याला उतरू लागली. हे जानेवारी २०२१ पर्यंत चाललं. या साडेतीन वर्षांत नागपूर–दोहा अंतर एक मीटरनेही बदललं नाही. उडालेलं अंतर बदललं.

दुसरं उदाहरण. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला आपलं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं. फक्त भारतीय. म्हणजे त्या काळातली दिल्लीहून आखातात जाणाऱ्या विमानांची आकडेवारी तुम्ही गोळा केलीत आणि कंपनी कोणत्या देशाची हा रकाना ठेवला नाहीत, तर एकाच मार्गावर दोन वेगळ्या वेळा दिसतील आणि कारण सापडणार नाही. परीक्षेत ज्याला बाह्य चल म्हणतात, तो हा असा असतो. आणि २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने स्वतःचंच आकाश काही तास बंद केलं, तेव्हा तर प्रवासकाळ हा शब्दच त्या दिवसापुरता निकामी झाला. अशा दिवसाची नोंद सरासरीत घ्यायची की वगळायची? उत्तर तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. मामीसारख्या माणसाला उत्तर द्यायचं असेल तर वगळता येत नाही, कारण तिचा पोरगा त्या विमानातही असू शकतो.

वेळ: जाताना एक, येताना दुसरी

बहुतेक संकेतस्थळं एक ठरावीक वेग धरतात, समजा ताशी ८०० किलोमीटर, आणि चढ-उतारासाठी अर्धा तास जोडतात. २,८३८ भागिले ८०० म्हणजे ३ तास ३३ मिनिटं, अधिक अर्धा तास: ४ तास ३ मिनिटं. म्हणून मला त्या सकाळी "साधारण चार तास" दिसलं. जायलाही तेवढेच, यायलाही तेवढेच.

आता वारा आणा. ए-३२० सारखं विमान ३६ हजार फुटांवर आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने जातं. त्या उंचीवरच्या थंड हवेत हे ताशी सुमारे ८२८ किलोमीटर होतात. पण हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. वैनगंगेत डोंगा वल्हवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रवाहाच्या दिशेने जाणं वेगळं, उलट जाणं वेगळं.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उपोष्ण जेट प्रवाह असतो आणि आपला मार्ग त्याच्या दक्षिणेच्या कडेने जातो. समजा, समोरून सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा आहे (हे माझं गृहीत आहे, मोजमाप नाही). नागपूरहून दोह्याला जाताना जमिनीच्या तुलनेत वेग ७४८. लागले ३ तास ४८ मिनिटं. परत येताना वेग ९०८. लागले ३ तास ८ मिनिटं. फरक चाळीस मिनिटांचा. यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, थांबणं यांची अर्धा-पाऊण तासाची भर घातली की जाताना सव्वाचार-साडेचार तास आणि येताना पावणेचार असं काहीतरी येतं. वेळापत्रकातही जाण्या-येण्याचे आकडे असेच वेगवेगळे दिसतात.

इथे एक गंमत आहे, ती नेट-सेटला विचारण्यासारखी आहे. जाताना वारा जितका अडवतो तितकाच येताना ढकलतो, म्हणजे दोन्ही मिळून हिशेब बरोबरीत सुटत असेल ना? नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन ६ तास ५१ मिनिटं लागली असती. वारा असताना ६ तास ५५. विरुद्ध वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा थोडा जास्तच. वेगांची साधी सरासरी काढणाऱ्याला हे दिसत नाही, तिथे हरात्मक मध्य लागतो. हरात्मक मध्य कशासाठी असतो हे कधीपासून पाठ करतोय, उपयोग पहिल्यांदा दिसला की नाही?

पावसाळ्यात चित्र पालटतं. उपोष्ण जेट हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. त्यावरचा गाजलेला शोधनिबंध १९५८ मध्ये भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी लिहिला. मोसमी पाऊस समजून घ्यायला तो आजही वाचला जातो. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की जुलैतली आणि जानेवारीतली नागपूर–दोहा वेळ एका ढिगात टाकून सरासरी काढलीत, तर ती ना जुलैची असेल ना जानेवारीची.

घड्याळ

भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, कतारचं तीन तास. फरक अडीच तासांचा. तिकिटावर "पहाटे ४ ला सुटणार, ५:५० ला पोचणार" असं दिसलं की बरीच मंडळी म्हणतात, "अरे, पावणेदोन तासांत दोहा!" गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या गावात ही समजूत पक्की आहे. उलट दिशेने मग तोच प्रवास सहा-सव्वासहा तासांचा दिसतो आणि लोक म्हणतात येताना विमान हळू येतं. प्रत्यक्षात ते जोरात येत असतं. घड्याळाने झाकलेलं सत्य बरोब्बर उलटं आहे.

आणखी एक. सूर्याच्या हिशेबाने नागपूर आणि दोहा यांत किती फरक असायला हवा? एका रेखांशाला चार मिनिटं, २७.४४ अंशांना ११० मिनिटं, म्हणजे १ तास ५० मिनिटं. घड्याळात मात्र अडीच तास. उरलेली चाळीस मिनिटं देशांनी ठरवलेली आहेत. भारताने ८२.५ अंशांचा, मिर्झापूरजवळून जाणारा रेखांश धरला, कतारने ४५ अंशांचा. म्हणून स्थानिक वेळेतून प्रवासकाळ काढणं म्हणजे भूगोलातून नागरिकशास्त्र वजा करण्यासारखं आहे. सोपा उपाय: सगळ्या वेळा आधी ग्रिनिचच्या वेळेत लिहा, मग वजाबाकी करा. एक्सेलमध्ये दोन रकाने जास्त लागतात, पण रात्री बाराच्या पलीकडे गेलेल्या तारखाही त्यातच सुधारतात.

आणि मामीचा प्रश्न

मामीने "विमान किती वेळ उडते?" असं विचारलं नव्हतं. "पोरगा घरी कवा येते?" असं विचारलं होतं. त्या प्रश्नाचे तुकडे पाडून बघा. मालकाची सुट्टी. तिकीट. पुढचं विमान किती वाजता आहे याची वाट. विमान सुटण्याआधी तीन तास विमानतळावर हजेरी. चार-एक तास उड्डाण. नागपूरला पासपोर्टची रांग, सामान. मग रात्रीची गाडी, पारडीचा नाका, मौदा, भंडारा, कारध्याजवळचा वैनगंगेचा पूल, लाखनी. हे शेवटचे नव्वदेक किलोमीटर दोन तास घेतात. म्हणजे ताशी ४५ चा वेग, विमानाच्या वेगाच्या सुमारे अठराव्या हिश्शाचा.

त्या दिवशी बातमी कळल्यापासून भाऊ दारात यायला तेवीस तास लागले. त्यात विमान हवेत होतं जेमतेम साडेतीन तास. मी उरलेले साडेएकोणीस तास अंदाजाने "दोन-तीन आणि दोन" असे भरले होते. सगळ्यात मोठा तुकडा, पुढच्या विमानाची वाट पाहणं, तर माझ्या हिशेबात नव्हताच. जो भाग अचूक मोजता येतो त्याच्यावर आपण प्रेम करतो, ही आम्हा मोजणाऱ्यांची खोड आहे. मी २,८३८ हा चार अंकी आकडा घेऊन बसलो आणि खरी अनिश्चितता होती वेळापत्रकात.

वाहतुकीच्या अभ्यासात या तुकड्यांना वेगवेगळी नावं आहेत. हवेतला वेळ, एका विमानतळाच्या फाटकापासून दुसऱ्याच्या फाटकापर्यंतचा वेळ (विमानवाले याला ब्लॉक टाइम म्हणतात), थांबण्याचा वेळ, आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ. "प्रवासकाळ" हा शब्द या सगळ्यांना लागू पडतो, म्हणून तो संशोधनात एकटा वापरायचा नाही. कार्यात्मक व्याख्या लिहायची ती अशी: "या अभ्यासात प्रवासकाळ म्हणजे प्रवाशाने निघण्याचा निर्णय घेतल्याच्या क्षणापासून तो घराच्या दारात पोचेपर्यंतचा, ग्रिनिच वेळेत नोंदवलेला एकूण कालावधी, मिनिटांत." लांबलचक आणि कंटाळवाणी आहे ना? व्याख्या तशीच असते. पण ती वाचून दुसरा माणूस तुमच्यासारखंच मोजू शकतो, आणि तुम्ही स्वतः सकाळी साडेआठला, सगळे तुमच्याकडे बघत असताना, तोंडाला येईल ते बोलत नाही.

माझा प्रबंध आरोग्यकेंद्रांपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेवर आहे. आराखड्यात मी सरळ रेषेतलं अंतर धरलं होतं, कारण ते नकाशावरून एका क्लिकमध्ये निघतं. वैनगंगेच्या काठावरची गावं पाहा म्हणजे त्यातली मेख कळेल. समोरच्या काठावरचं दवाखान्याचं छप्पर दिसतं आणि पूल मात्र कितीतरी खाली. पावसाळ्यात डोंगा बंद. नकाशावर ती बाई दवाखान्याच्या शेजारीण असते. आजीच्या तेराव्यानंतर मी मार्गदर्शकांकडे गेलो आणि ते प्रकरण पुन्हा लिहिण्याची परवानगी मागितली. सर म्हणाले, "आठ महिने मागे जाशील." गेलो.

सरावासाठी एक काम देतो. नागपूरहून शारजाचं अंतर वरच्याच सूत्राने काढा (शारजा विमानतळ २५.३३ उत्तर, ५५.५२ पूर्व), २,४४७ च्या आसपास यायला हवं. मग विमानांचा माग दाखवणाऱ्या कोणत्याही ॲपवरून पंधरा दिवस जाण्याच्या आणि येण्याच्या प्रत्यक्ष वेळा लिहून ठेवा. कंपनी, महिना, दिशा हे रकाने ठेवायचेच. सरासरीसोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळही लिहा. जमल्यास तुमच्या गावच्या दारापासून मोजा, मग ते तुमसर असो की लाखांदूर.

भाऊ या जानेवारीत सुट्टी संपवून परत गेला. रात्री दहाला घरून निघाला, विमान पहाटे चारचं. मामीने पुन्हा मलाच विचारलं, याचं मला खरं तर आश्चर्य वाटलं. या वेळी मी कागद घेतला. चार वाजता सुटलं तर आपल्या घड्याळाने साडेआठच्या आतबाहेर उतरेल, हिवाळा आहे म्हणून दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे. बाहेर पडून खोलीवर जायला दीड-दोन तास. "दहा ते साडेदहा, आपल्या टायमानं," मी म्हणालो. "पण विमान उशिरा सुटलं तर तेवढं पुढे धरायचं, आणि ते मी चारला पाहून सांगतो." मामीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेनने "१० ते १०॥" लिहून ठेवलं. फोन दहा वाजून वीस मिनिटांनी आला.